थांबावे की धावावे?

आपल्या भाषेत गुराढोरांना आणि कुत्र्या-मांजरांना ‘मुके जनावर’ म्हणण्याची रीत आहे. ‘मुक्या जनावराला मारू नये’, ‘मुक्या जिवाचा तळतळाट घेऊ नये’ अशी वाक्ये आमच्या लहानपणी घराघरांत ऐकू येत. या ‘मुक्या’ शब्दात दया आहे, तसा थोडा गैरसमजही आहे. प्राणी बोलत नाहीत हे खरे. परंतु ते काही सांगतच नाहीत, हे मात्र खरे नव्हे. ते आपल्या शरीराने सांगतात. ऐकणाऱ्याला ती भाषा यावी लागते, एवढेच.

माणूस आजारी पडला की डॉक्टर त्याला विचारतात, ‘काय होते? केव्हापासून होते? काल काय खाल्ले होते? कुठे दुखते?’ रोगी उत्तरे देतो आणि निम्मे निदान तिथेच होते. पशुवैद्यकाकडे गेल्यावर हेच प्रश्न विचारले जातात, पण ते त्या प्राण्याला आणणाऱ्या माणसाला. म्हणजे त्या घटकेला आपण त्या जिवाची जीभ झालेलो असतो. आपण नीट पाहिले असेल, तर ती जीभ खरे बोलते. आपण पाहिलेच नसेल, तर मुका प्राणी खरोखरच मुका राहतो.

प्राण्याच्या देहाने दिलेल्या साऱ्या संकेतांमध्ये वारंवार दिसणारा आणि सर्वांत चकवणारा संकेत म्हणजे उलटी. ती कधी अगदी क्षुल्लक असते. फरशी पुसून टाकली की विषय संपतो. आणि कधी तीच उलटी म्हणजे मृत्यूने दारावर दिलेली पहिली थाप असते. दोन्ही वेळा फरशीवर दिसणारे दृश्य जवळजवळ सारखेच. मग थांबावे की धावावे? हा प्रश्न मला गेल्या काही वर्षांत तीन वेळा पडला. त्या तीन अनुभवांनी मला जे शिकवले, ते तुमच्यापुढे ठेवावे असे वाटते.

माझे बालपण सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेले. दारात दोन बैल, एक म्हैस आणि उंबऱ्यापाशी पडून असलेला एक कुत्रा असा आमचा परिवार होता. बैल किंवा म्हैस ओकताना मी कधी पाहिली नाही. ती जनावरे खाल्लेला चारा पुन्हा तोंडात आणून रवंथ करतात. पण ती त्यांची पचनाची रीत, उलटी नव्हे. घोड्याला तर उलटी करताच येत नाही. त्याच्या जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो, की आत गेलेले बाहेर येत नाही. उंदरालाही उलटी करता येत नाही. म्हणून तर त्याच्यासाठी ठेवलेले विष त्याच्या पोटात टिकते. कुत्र्याचे आणि मांजराचे तसे नाही. कुत्रा हा मिळेल ते हुंगणारा, उकरणारा आणि गिळणारा प्राणी. न मानवणारे अन्न झटकन बाहेर टाकण्याची सोय निसर्गाने त्याला दिली आहे. मांजर दिवसभर आपले अंग चाटून स्वच्छ करते. त्यात पोटात गेलेले केस गोळा होतात आणि अधूनमधून बाहेर पडतात. त्यामुळे या दोन प्राण्यांची प्रत्येक उलटी म्हणजे आजार, असे समजण्याचे कारण नाही.

पहिला अनुभव आमच्याच मनीचा. मनी ही आमच्या घरातली करड्या रंगाची मांजरी. एका रविवारी सकाळी तिने दिवाणखान्यात पाठ कमानीसारखी करून दोन-तीन उमासे काढले आणि केसांची एक लांबट गुंडाळी बाहेर टाकली. दुपारी पुन्हा थोडे पिवळसर पाणी टाकले. घरात लगेच दोन पक्ष पडले. मुलगी म्हणाली, “आई, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जाऊ या.” माझे यजमान म्हणाले, “अगं, मांजर आहे ते. मांजरं ओकतातच.”

मी दवाखान्यात फोन केला. पलीकडच्या डॉक्टरांनी मला औषध सांगितले नाही, प्रश्न विचारले. किती वेळा झाली? बाहेर काय पडले? रक्त दिसले का? पाणी प्यायल्यावर ते पोटात राहते का? लघवी नीट होते आहे का? नेहमीप्रमाणे उडी मारते, हाक मारल्यावर कान टवकारते का? घरातला एखादा दोरा, रबर, सुई नाहीशी झाली आहे का? मी एकेक उत्तर देत गेले. मनी पाणी पीत होती, खिडकीत बसून चिमण्यांवर डोळा ठेवून होती आणि स्वयंपाकघरातल्या बरणीचा आवाज झाला की येऊन पायात घोटाळत होती. “मग आज थांबू या,” डॉक्टर म्हणाले. “थोडे थोडे पाणी द्या, थोडे साधे खायला द्या आणि लक्ष ठेवा. पुन्हा उलटी झाली, सुस्त वाटली किंवा खाणे सोडले, तर लगेच घेऊन या.” संध्याकाळपर्यंत मनी पूर्ववत झाली.

त्या दिवशी मला जाणवले, की ‘थांबणे’ म्हणजे विसरून जाणे नव्हे. थांबणे हेही एक काम आहे. डोळे उघडे ठेवून, घड्याळ पाहून, मनात नोंद करून थांबायचे असते.

दुसरा अनुभव इतका सौम्य नव्हता. आमच्या इमारतीच्या फाटकापाशी एका भटक्या कुत्रीला पिल्ले झाली होती. त्यांतले एक तांबूस पिल्लू रखवालदाराच्या खोलीत वाढू लागले. मुलांनी त्याचे नाव ‘बंड्या’ ठेवले. त्याचे एक भावंड रस्त्यापलीकडच्या इमारतीत गेले. पिल्ले जेमतेम दोन-अडीच महिन्यांची असतील. एका सकाळी मी बाहेर पडत असताना रखवालदाराच्या बायकोने मला थांबवले. ती मराठवाड्यातली. शाळेत फारशी गेलेली नव्हती, पण तिची नजर फार तीक्ष्ण. ती म्हणाली, “बाई, ह्ये पिल्लू पानी पितंय आन् तेच पानी टाकतंय. रातीपासून चार येळा झालं. आता खेळतबी न्हाई, नुसतं कोपऱ्यात जाऊन बसतंय.”

तिच्या या तीन वाक्यांत डॉक्टरांना हवे असलेले सारे काही होते. किती वेळा झाली, पाणी पोटात टिकत नाही आणि स्वभाव बदलला. आम्ही बंड्याला जुन्या टॉवेलात गुंडाळले आणि रिक्षाने दवाखाना गाठला. तिथे पोहोचेपर्यंत त्याला दुर्गंधीयुक्त, रक्तमिश्रित जुलाबही सुरू झाले होते. डॉक्टरांनी त्याचा ओठ वर करून हिरडी पाहिली. ती गुलाबी असायला हवी होती; कागदासारखी फिकी पडली होती. त्यांनी मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. निरोगी पिल्लाची कातडी लगेच जागेवर बसते. बंड्याची हळूहळू, घडी मोडल्यासारखी खाली आली. अंगातले पाणी किती कमी झाले आहे, ते त्यावरून कळते. “पार्वो,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी लगेच सलाईन लावले.

पार्वो हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभरच्या कुत्र्यांमध्ये ओळखला गेला. तो आतड्याचे अस्तर नष्ट करतो आणि शरीराची प्रतिकारशक्ती खालावतो. लस न टोचलेली लहान पिल्ले त्याला सहज बळी पडतात. या विषाणूला मारणारे खास औषध सर्वत्र मिळते असे नाही. शरीरातले पाणी भरून काढायचे, उलटी थांबवायची, दुसरा जंतुसंसर्ग होऊ द्यायचा नाही आणि पिल्लाचे शरीर स्वतः लढून उठेपर्यंत त्याला तगवून धरायचे, हाच मुख्य उपचार. म्हणूनच इथे एकेक तास मोलाचा. उपचार वेळेवर मिळाले, तर बरीच पिल्ले वाचतात. न मिळाले, तर बहुतेक दगावतात.

बंड्या पाच दिवस सलाईनवर होता. सहाव्या दिवशी त्याने शेपटी हलवली. पलीकडच्या इमारतीतले त्याचे भावंड मात्र गेले. त्यालाही त्याच दिवशी उलट्या सुरू झाल्या होत्या. तिथली माणसे दुष्ट नव्हती. त्यांनी पिल्लाला दूध पाजले, हळद चाटवली, उबेसाठी गोणपाट घातले. रात्री ती म्हणाली, ‘उद्या सकाळी बघू.’ लहान पिल्लाच्या देहात पाण्याचा साठा तो किती! त्याला ती रात्रच फार मोठी होती. या घटनेनंतर आमच्या भागातल्या मुलांनी वर्गणी काढून उरलेल्या पिल्लांना लस टोचून घेतली. पहिली लस पिल्लू ६ ते ८ आठवड्यांचे असताना देतात आणि ते १६ आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा टोचतात, हे त्या मुलांना आता तोंडपाठ आहे.

तिसरा अनुभव बडोद्याचा. माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झाला आहे. त्याच्याकडे ‘राजा’ नावाचा भारदस्त जर्मन शेफर्ड कुत्रा. एका रात्री अकराच्या सुमारास भावाचा फोन आला. “ताई, राजा फार अस्वस्थ आहे. जेवल्यावर अंगणात खूप धावला. आता सारखा ओकायला जातो, पण काहीच पडत नाही. थोडी लाळ येते, बस्स. काही पडत नाही म्हणजे गंभीर नसावं ना?”

मी काही बोलण्याआधीच माझ्या भावजयीने फोन हातात घेतला. ती कोल्हापूरकडच्या शेतकरी कुटुंबात वाढलेली. “ताई, मी त्याच्या पोटावर टिचकी मारून पाहिली. ढोलासारखा आवाज येतोय. आमच्याकडे हिरवा चारा जास्त खाल्ला की गाईला असंच व्हायचं. माझे आबा तेव्हा रात्र-अपरात्र पाहायचे नाहीत, डॉक्टरला उठवून आणायचे. आम्ही निघतोय.” तिने माझा सल्ला मागितला नाही. दवाखान्याला आधी फोन करून ‘आम्ही येत आहोत’ एवढे कळवायला मात्र ती विसरली नाही.

मध्यरात्री राजावर शस्त्रक्रिया झाली. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये कधीकधी जठर वायूने फुगते आणि स्वतःभोवतीच पीळ घेते. पीळ बसला की जठराची दोन्ही तोंडे बंद होतात. आतले अन्न वरही येत नाही आणि खालीही जात नाही. कुत्रा जिवाच्या आकांताने उमासे काढतो, पण बाहेर काही पडत नाही. फुगलेले जठर मोठ्या रक्तवाहिन्यांवर दाब आणते, रक्ताभिसरण कोलमडते आणि काही तासांतच प्राणी दगावतो. घरी करण्यासारखा यावर एकही उपाय नाही. डॉक्टरांनी आधी वायू बाहेर काढला, मग पोट उघडून जठराचा पीळ सोडवला आणि ते पुन्हा फिरू नये म्हणून पोटाच्या भिंतीला टाके घालून बसवले. आणखी दोन तास गेले असते, तर हे सारे व्यर्थ ठरले असते, असे त्यांनी नंतर सांगितले.

मी मराठीची विद्यार्थिनी. त्या रात्रीनंतर मला आपल्या भाषेतल्या साध्यासाध्या शब्दांची किंमत नव्याने कळली. उलटी, ओकारी, उमासा, उबळ, ठसका असे किती जवळजवळचे शब्द आपल्याकडे आहेत! आपण ते एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. पण पशुवैद्यकाच्या दृष्टीने त्यांत जीवनमरणाचे अंतर असू शकते. पोट ढवळून, जोर लावून पचलेले-न पचलेले अन्न बाहेर पडते ती उलटी. मान खाली घालताच, काहीही जोर न लावता नुकताच गिळलेला घास जसाच्या तसा घरंगळत बाहेर येतो, तेव्हा दोष बहुधा अन्ननलिकेत असतो. खोकल्याची उबळ येऊन शेवटी पांढरा फेस पडतो, तो आजार श्वसनमार्गाचा. आणि नुसतेच उमासे येऊन बाहेर काहीच पडत नाही, ती ‘कोरडी उलटी’. भावाला वाटले, काही पडत नाही म्हणजे संकट लहान. वस्तुस्थिती नेमकी उलट होती. अचूक शब्द हा केवळ परीक्षेतल्या गुणांसाठी नसतो. तो कधी एखाद्याचा प्राणही वाचवतो.

मग धावायचे केव्हा? या तीन अनुभवांतून आणि वेगवेगळ्या डॉक्टरांशी झालेल्या बोलण्यातून माझ्या मनात एक पडताळा तयार झाला आहे. प्राणी प्रौढ आणि एरवी निरोगी आहे, एक-दोनदाच उलटी झाली, पाणी पोटात टिकते, चालणे-पाहणे नेहमीसारखे आहे आणि भूक शाबूत आहे, तर दिवसभर लक्ष ठेवून थांबता येते. पण काही तासांत पुन्हा पुन्हा उलट्या होत असतील, प्यायलेले पाणीही राहत नसेल, उलटीत ताजे रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट पदार्थ दिसत असेल, सोबत जुलाब असतील, पोट फुगले असेल किंवा हात लावू देत नसेल, हिरड्या पांढऱ्या वा निळसर पडल्या असतील, प्राणी कोसळत असेल, त्याला झटके येत असतील, तर घड्याळाकडे न पाहता निघावे. प्राणी फार लहान, फार म्हातारा, गाभण किंवा मूत्रपिंडाचा अथवा मधुमेहाचा रोगी असेल, तर मुळातच थांबण्याची मुदत फार थोडी. बोका उलट्या करतो आहे आणि वारंवार बसूनही त्याला लघवी होत नाही, तर तीही तातडीचीच वेळ. मूत्रमार्ग बंद झाला की विष अंगात साचते. उन्हाळ्यात बंद गाडीत किंवा रणरणत्या उन्हात राहिलेला कुत्रा धापा टाकत ओकू लागला, तर त्याला सावलीत नेऊन अंगावर साधे गार पाणी घालावे, वारा घालावा आणि लगेच दवाखान्याकडे न्यावे.

काही वेळा तर उलटीची वाटसुद्धा पाहायची नसते. आपल्या स्वयंपाकघरातल्या आणि कपाटातल्या कित्येक निरुपद्रवी वस्तू या प्राण्यांना विषासमान आहेत. चॉकलेट, द्राक्षे, मनुका व बेदाणे, कांदा-लसूण, काही बिनसाखरेच्या च्युइंग गममधले झायलिटॉल हे कुत्र्याला घातक ठरू शकतात. आपण तापावर घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. लिलीच्या फुलांचे परागकण अंगाला लागून ते चाटल्यानेही मांजराचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. उंदराचे विष सर्वांत फसवे. त्यातल्या काही प्रकारांत रक्त गोठण्याची क्रिया बंद पडते. पण लक्षणे दोन-तीन दिवसांनी दिसू लागतात, तोपर्यंत प्राणी हसताखेळता असतो. झिंक फॉस्फाइड नावाच्या विषातून पोटात विषारी वायू तयार होतो आणि तो उलटीवाटे बाहेर पडतो. अशा प्राण्याला नेताना वाहनाच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात, नाहीतर माणसांनाही त्रास होतो. विषाचे वेष्टन, गोळ्यांचे पाकीट किंवा उलटीचे मोबाइलवर काढलेले छायाचित्र सोबत न्यावे. डॉक्टरांच्या दृष्टीने तो मोठा पुरावा असतो.

याबरोबरच काय करू नये, हेही सांगायला हवे. कारण आपल्याकडे प्रेमाच्या पोटी उपचार करणारे फार. विष खाल्ले म्हणून कुणी मिठाचे पाणी पाजून उलटी करवतो. त्याने अंगातल्या क्षारांचे प्रमाण बिघडून प्राणी दगावू शकतो. रॉकेल, आम्ल किंवा दाहक पदार्थ गिळला असेल, तर उलटी करवल्याने अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. कुणी तेल-तूप पाजतो. ते श्वासनलिकेत गेले तर नवेच संकट. मांजराच्या तोंडातून दोऱ्याचे टोक लोंबताना दिसले, तर ते ओढण्याचा मोह आवरावा. दोऱ्याचे दुसरे टोक आतड्यात अडकलेले असेल, तर ओढल्याने आतडे चिरते. आपल्या घरातली माणसांची औषधे अंदाजाने देऊ नयेत. आणि आपल्या देशात एक खबरदारी कधीही विसरू नये. ज्या कुत्र्याला लस टोचलेली नाही, ज्याची लाळ सारखी गळते, गिळता येत नाही, आवाज बदलला आहे, त्याच्या घशात ‘हाड अडकले असेल’ म्हणून तोंडात हात घालू नये. ते रेबीजचेही लक्षण असू शकते. तशी लाळ जखमेला किंवा डोळ्याला लागली, चावा बसला अथवा ओरखडा आला, तर ती जागा वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी, जखम असेल तर साबणही लावावा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जाऊन लस घ्यावी.

हे सारे वाचताना कुणाच्या मनात येईल, की हे बोलणे सोपे आहे. पण रात्री-अपरात्री दवाखाना कुठून आणायचा आणि पैसे कुठून? हा प्रश्न खरा आहे. मोठ्या शहरांत सोयी आहेत. मुंबईत परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालयाची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. तिथेच महालक्ष्मी भागात २०२४ मध्ये लहान प्राण्यांसाठी एक मोठे आधुनिक रुग्णालयही सुरू झाले. खेड्यापाड्यांत सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने असतात. अनेक राज्यांत १९६२ या क्रमांकावर फोन केल्यास फिरते पशुवैद्यकीय पथक येते. ही योजना मुख्यतः गुराढोरांसाठी असली, तरी जवळचा डॉक्टर कोण, याची माहिती मिळू शकते. खर्चाचे म्हणाल, तर बंड्याच्या वेळी रखवालदाराने, मुलांनी आणि आम्ही चौघांनी तो वाटून घेतला. डॉक्टरांना परिस्थिती आधीच स्पष्ट सांगितली, तर पुष्कळदा तेही मार्ग काढतात. मात्र ही चौकशी संकट आल्यावर करायची नसते. ‘बैल गेला आणि झोपा केला’ ही आपली म्हण सर्वांना माहीत आहे. झोपा म्हणजे गोठ्याचे दार. बैल निघून गेल्यावर दार लावणारा शेतकरी काही प्रेमळ नव्हता असे नाही. त्याला वेळेचे भान नव्हते, एवढेच. जवळचा दवाखाना कोणता, रात्री उघडा कोणता आणि तिथे नेणारे वाहन कोणाचे, ही तीन उत्तरे कागदावर लिहून दाराआड लावणे, हाच आपला झोपा.

सजीव प्राण्यांबद्दल दया बाळगणे हे आपल्या राज्यघटनेने नागरिकांचे मूलभूत कर्तव्य मानले आहे. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने ते घटनेत आले. त्याच्या कितीतरी आधी संत एकनाथांची एक कथा महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली होती. रामेश्वराला वाहण्यासाठी आणलेली गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी ओतली. ही कथा आपण नाथांच्या भूतदयेचे उदाहरण म्हणून सांगतो आणि ते योग्यच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. गाढवाने पाणी मागितले नव्हते. त्याला मागता येतच नव्हते. नाथांनी ते पाहून ओळखले, आणि ओळखल्यावर ते थांबले नाहीत.

दया मनात असणे निराळे आणि ती वेळेवर हातापायांत उतरणे निराळे. पिल्लाला गोणपाट घालणाऱ्यांच्या मनात दया होतीच. रखवालदाराच्या बायकोपाशी आणि माझ्या भावजयीपाशी तिच्या जोडीला आणखी दोन गोष्टी होत्या. त्यांनी नीट पाहिले होते आणि पाहिलेले नेमक्या शब्दांत सांगितले होते. त्यासाठी पदवी लागत नाही की पैसा लागत नाही. रोज भाकरीचा तुकडा टाकताना आपल्या दारातला जीव कसा खातो, कसा झोपतो, किती पाणी पितो, हाक मारल्यावर किती वेळात उठतो, एवढे पाहण्याची सवय लागते. ज्याला रोजचे ठाऊक असते, त्यालाच आजचे वेगळे दिसते. आणि थांबावे की धावावे, हे मग त्याला दुसऱ्या कोणाला विचारावे लागत नाही.